‘ऑल्ड लँग साइन’ : निरोपाचं गाणं की भेटीचं?

पाटीपेन्सिल

एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) परेडला शेवटी जी धून वाजते तिच्याबद्दल विचारायचं आहे. भाचा यंदा बाहेर पडला म्हणून खडकवासल्याला गेलो होतो. पोरं संथ चालीत क्वार्टरडेकवरून पुढे निघाली, ज्याला ते ‘अंतिम पग’ म्हणतात, आणि बँडने ‘ऑल्ड लँग साइन’ धरलं. धून ओळखीची होती, ३१ डिसेंबरला टीव्हीवर ऐकलेली. शब्दांच्या वाटेला मात्र मी कधी गेलो नव्हतो.

आता झालंय असं की आमच्या शाळेच्या बॅचचा मेळावा ठरतोय. मी पेटी बऱ्यापैकी वाजवतो. शेवटी सगळ्यांनी हात धरून हे गाणं म्हणावं असं ग्रुपवर सुचवलं, तर एकाने लगेच लिहिलं, “अरे, ते निरोपाचं आहे. एवढ्या वर्षांनी भेटतोय आणि रडगाणं काय लावतोस?” दुसऱ्याचं म्हणणं, इंग्रजांचं गाणं हवंय कशाला. तिसऱ्याने नेहमीसारखा नुसता अंगठा टाकला.

हे गाणं मैत्रीचं आहे एवढं ऐकून आहे. मग ते निरोपाला कसं वाजतं आणि नव्या वर्षाच्या स्वागतालाही कसं? नेमका अर्थ काय, लिहिलं कोणी, आणि मेळाव्यात म्हटलं तर शोभेल का? जाणकारांनी सांगावं.

उंबरठा

नव्या वर्षाचं गाणं आहे हो, एवढा विचार कशाला? स्कॉटलंडमध्ये वर्षाच्या शेवटच्या रात्री, त्यांच्या ‘हॉगमने’ला, म्हणायची जुनी पद्धत. तिथून जगभर गेलं. अमेरिकेत ते घराघरांत पोचवलं गाय लोम्बार्डो नावाच्या बँडवाल्याने. माणूस मूळचा कॅनडाचा. १९२९ च्या ३१ डिसेंबरला न्यूयॉर्कच्या रूझवेल्ट हॉटेलातून रेडिओवर त्याच्या बँडने हे वाजवलं आणि पुढे कित्येक वर्षं तोच शिरस्ता झाला.

तुमच्या दुसऱ्या मित्रासाठी : इंग्रजांचं नाही, स्कॉट लोकांचं आहे. हा फरक त्यांच्यासमोर चुकवलात तर मैत्री तिथेच संपेल.

क्लॅरिनेटवाला

मी फौजेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचो, आता पोरांना पेटी शिकवतो. ही धून किती वेळा वाजवली त्याचा हिशेब नाही. वाजवताना नजर बँडमास्तरच्या काठीवर असते, मान वळवायची सोय नाही. त्यामुळे कोण रडलं ते आम्हाला दिसत नाही, मागून नाकं ओढल्याचे आवाज तेवढे येतात.

पाटीपेन्सिल, मित्राला सांगा की गाणं भेटीचं आहे. त्यातली एक ओळ निरोपाची दाखव म्हणावं, मी माझं क्लॅरिनेट विकतो.

नावापासून घोटाळा सुरू होतो, कारण शब्द इंग्रजी नाहीत, स्कॉट्स भाषेतले आहेत. ‘फार मागचे दिवस’ एवढाच त्यांचा अर्थ धरा आणि पुढे चला.

सुरुवात होते ती प्रश्नाने. जुन्या ओळखी विसरून जायच्या? पुन्हा मनातसुद्धा आणायच्या नाहीत? हा प्रश्न चिडून विचारलेला आहे, ‘असं कुठं असतं का?’ या थाटात. लोक मात्र तो असा गातात, जसं काही विसरून जायचं ठरलेलंच आहे आणि आता सुतक पाळायचंय. उत्तर लगेच ध्रुवपदात आहे : त्या दिवसांसाठी आपण मायेचा एकेक पेला घेऊ. विषय संपला.

मग येतं माझं लाडकं कडवं, जे समारंभांत हमखास गाळतात. एक म्हातारा दुसऱ्याला सांगतो, तू तुझा पेला भरशीलच आणि मी माझा भरेन. म्हणजे चक्क टीटीएमएम! पावणेदोनशे-दोनशे वर्षं जग ज्या गाण्यावर डोळे पुसतंय, त्यात बिल कोणी भरायचं हे आधी ठरवून टाकलंय. मला यात खरी मैत्री दिसते. कोणी कोणावर उपकार करत नाही, कोणी मोठा झालेला नाही, कोणी पडलेला नाही. एवढ्या वर्षांनी भेटल्यावर पहिली भीती तीच असते ना, की याचं बरं चाललंय आणि माझं नाही?

पुढची दोन कडवी लहानपणाची. आपण दोघं टेकड्यांवरून धावलो, रानातली डेझीची फुलं तोडली. पण त्यानंतर पाय थकेपर्यंत कुठं कुठं भटकलो. आपण दोघं सकाळपासून जेवणाची वेळ होईपर्यंत ओढ्यात डुंबलो. पण त्यानंतर आपल्यामध्ये रुंद समुद्र गर्जत राहिले. दोन्ही कडव्यांची बांधणी सारखी आहे. आधी दोन ओळी एकत्र केलेल्या खेळाच्या, मग एक ‘पण’, आणि त्यापुढे अख्खं आयुष्य दोन ओळींत उरकलंय. कोण सोडून गेला, पत्र का टाकलं नाही, लग्नाला का आला नाहीस, यातलं एक अक्षर नाही. आपल्याकडं एवढ्यावर तीन अंकी नाटक झालं असतं.

त्या समुद्राची गोष्ट सांगतो. लिहिणारा रॉबर्ट बर्न्स. १७५९ मध्ये आयरशायरच्या अॅलोवे गावात शेतकऱ्याच्या घरी जन्मला, स्वतः नांगर धरला, पुढे अबकारी खात्यात नोकरी केली आणि १७९६ मध्ये डम्फ्रीजला वारला, अवघा ३७ वर्षांचा. हा पठ्ठ्या १७८६ मध्ये जमैकाला निघाला होता, गुलाम राबत त्या मळ्यांवर हिशेबनीस म्हणून. त्याच वर्षी किल्मार्नोकला त्याच्या कवितांचं पहिलं पुस्तक छापून आलं, गाजलं, आणि जाणं राहिलं. त्या काळात स्कॉटलंडमधून माणसं भराभर समुद्रापार जात होती. तेव्हा समुद्र मध्ये येणं ही त्याच्या गावात रोजची बाब होती, कवीची कल्पना नव्हे.

गाणं त्याने डिसेंबर १७८८ मध्ये मिसेस डनलॉप या त्याच्या स्नेही बाईंना पत्रातून पाठवलं. पुढे १७९३ मध्ये जॉर्ज थॉमसन या संपादकाला त्याने लिहिलं, की हे जुनं गाणं कुठं छापलेलं नव्हतं, लिहिलेलंही नव्हतं, एका म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकून मी उतरवून घेतलं. आता हे कितपत खरं मानायचं? नाव आणि पहिली ओळ जुनी, हे नक्की. तशाच सुरुवातीचं गाणं जेम्स वॉटसनने १७११ मध्येच छापलं होतं, पण त्यात प्रेमभंगाचं रडणं आहे. ओढा आणि टेकडीची कडवी मात्र बहुतेक अभ्यासक बर्न्सचीच मानतात. बरोबरच आहे. चिखलात पाय घातलेल्या माणसाची कडवी आहेत ती. आपल्याकडंही स्वतःची ओळ ‘जुन्या माणसांची’ म्हणून खपवणारे कमी नाहीत.

राहिली चाल. बर्न्सच्या मृत्यूनंतर, १७९६ च्या अखेरीला, ‘स्कॉट्स म्युझिकल म्युझियम’च्या पाचव्या भागात गाणं छापलं गेलं ते वेगळ्याच चालीवर. ती चाल बर्न्सला स्वतःला बेताचीच वाटायची. आज जग गातं ती चाल थॉमसनने १७९९ मध्ये जोडली. तिच्या अगदी जवळची एक जुनी धून आहे, ‘मिलर्स वेडिंग’. नावावरूनच कळतं, लग्नातल्या नाचाची! नाचाची धून तुम्ही धीरे चालीवर आणली, खाली बॅगपाइपचा भरणा, म्हणजे न थांबणारा सूर, लावला, समोरून वर्दीतली पोरं चालवली, की ती निरोपाची होणारच. शब्द तेच राहिले, बदलली ती लय.

सासरबंगाली

क्लॅरिनेटवाले काका, तुमच्या बाजूने एक मोठा साक्षीदार आणते. रवींद्रनाथ ठाकूर!

माझ्या सासरी ‘पुरानो शेई दिनेर कथा’ हे रवींद्रसंगीत कुठल्याही घरगुती बैठकीत होतंच. ऐकलं की तुम्हाला लगेच कळेल, चाल याच गाण्यावरून घेतली आहे. पण शब्द भाषांतर म्हणून ठेवलेले नाहीत, सगळं बंगालात आणून बसवलंय. डेझीच्या जागी पहाटे फुलं तोडणं, झोक्यावर झुलणं, बकुळीखाली बासरी वाजवून गाणं. मग मध्येच ताटातूट होते, कोण कुठे गेलं कळत नाही. आणि शेवट असा, की मित्रा, आता पुन्हा भेट झालीच आहे तर ये, जिवाच्या आत ये. म्हणजे त्यांनी हे भेटीचंच गाणं म्हणून वाचलं. पेले तेवढे काढून टाकले. ब्राह्मो समाजी घरातल्या बैठकीत ते कसे चालावेत!

जपानने मात्र उलटं केलं. १८८१ च्या शाळेच्या गाण्यांच्या पुस्तकात ही चाल घेतली, आणि शब्द घातले काजव्यांच्या उजेडात अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांचे. शाळा संपवून बाहेर पडताना ते म्हणतात. तिथे ते शंभर टक्के निरोपाचं.

आणि एक गंमत. मालदीवचं राष्ट्रगीतसुद्धा १९७२ पर्यंत याच चालीवर होतं. ज्या तरुणाने शब्द लिहिले त्याने ही धून एका घड्याळाच्या ठोक्यांत ऐकली होती म्हणे. पुढे इंग्लंडची राणी भेटीला येणार म्हणून घाईने नवी चाल करून घेतली, ती श्रीलंकेचे संगीतकार अमरदेव यांच्याकडून. कोरियातही स्वतंत्र चाल येण्याआधी देशगीत याच सुरांवर म्हणत. बिचाऱ्या बर्न्सला कशाकशाला उभं राहावं लागलं असतं!

रोखठोक_७

माहिती छान. पण मूळ मुद्दा राहिला. स्कॉट असो की इंग्रज, आपल्याकडे ही धून आली ती गोऱ्या पलटणींबरोबर. आपल्या पोरांच्या परेडला अजून तीच का? आणि मराठी शाळेच्या मेळाव्यात तर अजिबात नको. आपल्याकडे मैत्रीची गाणी काय कमी आहेत?

क्लॅरिनेटवाला

रोखठोक, पलटणींबरोबर आली हे खरं. पण त्यांना घालवतानाही तीच वाजली, हेही लक्षात घ्या. २८ फेब्रुवारी १९४८. शेवटची ब्रिटिश तुकडी, सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, मुंबईला गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीतून आपली निशाणं घेऊन बाहेर पडली. आपल्या फौजेने मानवंदना दिली आणि ‘ऑल्ड लँग साइन’च्या सुरांवर ते धीरे चालीत बोटींकडे गेले. दीडशे-दोनशे वर्षं मानगुटीवर बसलेल्यांना जुन्या मित्राचं गाणं वाजवून वाटेला लावलं. यात सभ्यपणा किती आणि टोमणा किती, ते तुम्ही ठरवा. मला दोन्ही दिसतं.

परेडला काय वाजावं हे ठरवणारा मी कोण. पण वाजवणारा म्हणून एक सांगतो. बॅगपाइपला मोजून नऊ सूर, आणि खालचा भरणा बंद करता येत नाही, तंबोऱ्यासारखा चालूच. त्यावर कुठलीही धून चढवून बघा, निम्म्या कण्हतात. ही बसते, कारण तिच्यात पाचच सूर आहेत : सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही. भूपाचे सूर! राग नव्हे, सूर. पण आपल्या कानाला ती परकी का वाटत नाही, याचं निम्मं उत्तर तिथंच आहे.

मेळाव्याचं म्हणाल तर, दुसरं गाणं निवडा की. कोण अडवतंय? मात्र ‘निरोपाचं आहे’ म्हणून हे सोडू नका.

पाटीपेन्सिल

काका, ग्रुपवर तुमचं पूर्ण उत्तर चिकटवलं. रडगाणं म्हणणाऱ्याने फक्त टीटीएमएमची ओळ वाचली आणि तयार झाला. तो शाळेतही तसाच होता, वडापावचे पैसे कधी दिले नाहीत.

आता दोन अडचणी. एक, स्कॉट्स शब्द आमच्या जिभेवर बसणार नाहीत. कोणी मराठीत करून देईल का? दोन, पेटीवर कुठून धरू?

सासरबंगाली

मी प्रयत्न केला, हसू नका :

जुने सखे का विसरावे, न यावे का मनी?
जुने सखे का विसरावे, नि ते दिवस जुने?

पहिली ओळ चालीत म्हणून बघितली, बसते. दुसरीचा शेवट लंगडतोय.

क्लॅरिनेटवाला

पहिली झकास आहे. ‘मनी’चा म पंचमावर येतो आणि नी धैवतावर, तिथं थांबायचं असतं आणि ईकार हवा तेवढा लांबवता येतो. मूळ शब्दापेक्षा गायला सोपा. दुसरीत ‘दिवस’ आडवा येतो, तीन लघू अक्षरं घाईत उरकावी लागतात. ‘नि गेले दिन जुने’ करून बघा, ‘दिन’ एका सुरात घेतलं की सगळं सरळ सहा सुरांवर पडेल. यमक जुळत नाही, पण जमाव गाणार आहे, परीक्षक नाहीत. पेल्याच्या कडव्याचं मराठी मात्र करायचंच, गाळाल तर खबरदार. पेल्यात चहा असला तरी हरकत नाही. मूळ ध्रुवपदात पेला मायेचा आहे, आत काय ते लिहिलेलं नाही.

पेटीवर : काळी तीनला सा धरा, सगळी धून काळ्या पट्ट्यांवर निघते. खालचा पंचम म्हणजे काळी एक. तिथून काळी तीन तीनदा, मग पाच, चार, तीन, चार. ही झाली पहिली अर्धी ओळ. पुढची अर्धी : पाच, तीन, तीन, पाच, आणि वरच्या सप्तकातली एक, दोन. त्या दोनवर तुमचा ‘नी’. पांढऱ्याला बोट लागलं तर समजा चुकलं.

लय चढी ठेवा. हलका केरवा चालेल. संथ घेतलंत की पुन्हा तेच, मागून नाकं ओढल्याचे आवाज.

आणि हातांचं. सगळीकडं लोक पहिल्या ओळीपासूनच हातांची कात्री करून उभे राहतात. तसं नाही. गोल करा, नुसते उभे राहा. ‘हा माझा हात, माझ्या भरवशाच्या मित्रा, आण तुझा’ अशा अर्थाचं शेवटचं कडवं आहे. ते आलं की उजवा हात डावीकडच्याला आणि डावा हात उजवीकडच्याला, छातीवरून आडवे. आधी न धरलेला हात तिथं मागितला जातो, म्हणून त्या कडव्याला जोर आहे. सुरुवातीपासून धरून ठेवलात तर मागणार काय?

पाटीपेन्सिल

आजच बसून बघितलं, काळ्यांवर खरंच निघते! फक्त काळी तीन आम्हाला उंच जाईल असं वाटतंय. गाणारे सगळे पन्नाशीच्या पुढचे, त्यातले बरेचसे फक्त गणपतीच्या आरतीला तोंड उघडणारे.

क्लॅरिनेटवाला

मग काळी एकला सा घ्या. गंधार तेवढा पांढरी चारवर जाईल, बाकी चारही सूर काळ्यांवरच. बायका जास्त असतील तर आधी त्यांना विचारा, खालचा पंचम त्यांना फार खाली पडेल. पहिल्या ओळीचा पहिलाच सूर तो आहे, तो लागला नाही तर अख्खा गोल दुसऱ्या शब्दापासून सुरू होतो.